घर पुरं झालं की दोघं येतात

"मॅडम, अल्पाकाची लोकर वर्षातून एकदा काढतात. तुम्ही तर दर तीन महिन्यांनी!"

खिडकीबाहेरच्या माणसानं वळून रांगेकडं पाहिलं. रांग हसली. नेलिदा कुतिपानं शिक्का मारून पावती सरकवली. हा विनोद सकाळपासून चालू होता, आणि तो आपल्यालाच सुचलाय असं प्रत्येकाला वाटत होतं.

फेब्रुवारीअखेर घरपट्टीची मुदत संपते. डोंगरातल्या या हुलियाका शहरात तेव्हा पाऊसही असतो, त्यामुळं लोक भिजून येतात, वैतागून येतात आणि खिडकीशी आले की म्हणी ऐकवतात. भिंतीवर 'तुमचा कर, तुमचं शहर' अशी पाटी होती. तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मग किल्ली कुठंय?'

"मेल्यावर तरी सूट आहे का हो?" पुढच्या बाईनं विचारलं.

"तुम्हाला आहे. मुलांना नाही."

रांग पुन्हा हसली. नेलिदाला हसू आलं नाही. याहून जुनी म्हण तिची घरी वाट बघत होती.

घरी वडिलांच्या खाटेशेजारी बादली भरत आली होती. सातुर्निनो लोकरी टोपी घालून भिंतीला टेकून बसले होते. भिंतीला गिलावा नव्हता. गल्लीत कुणाच्याच नव्हता. प्रत्येक घराच्या स्लॅबवरून कॉलमच्या सळया आभाळाकडं निघालेल्या.

"बाबा, शनिवारी गवंडी येतोय. पाणी सळयांच्या बुडातून खाली उतरतंय. सळया कापायच्या, वर उताराचा कोबा घालायचा."

"सळया कापल्या की घर पुरं होतं."

"होऊ दे ना मग!"

"घर पुरं झालं की दोघं येतात, पोरी. आधी करवाला, मागोमाग मरण. पहिल्याला चुकवलं की दुसऱ्याला पत्ता सापडत नाही." एवढं बोलल्यावर त्यांना खोकला आला. तो लवकर थांबेना.

"मरणाला गळकं छतही चालतं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दाखवला तेव्हा तुम्ही कुठं बघत होता? थंडी पडायच्या आत खोली कोरडी पाहिजे म्हणाल्या. आणि करवाला म्हणजे मीच की! मी इथं सूप ढवळतेय!"

"घरात एक आहे ना? मग दुसरा कशाला?"

"अहो, अपुऱ्या घरालाही कर लागतोच. पुरं केलं तर वर्षाला दोन कोंबड्यांचा फरक. दोन कोंबड्या! तेवढ्यासाठी अख्खी गल्ली कुडकुडत बसते."

"सरकारी माणूस असंच सांगणार."

नेलिदानं पळी भांड्यात आपटली. आकडे तिच्या बाजूनं होते, आणि घरात त्यांची किंमत शून्य होती.

सकाळी पाऊस थांबल्यावर ती टेप घेऊन स्लॅबवर गेली. गवंड्याला मापं हवी होती. सळयांच्या टोकांवर प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घातलेल्या होत्या. इतक्या वर्षांच्या पावसात खालचं लोखंड गंजून त्याच्या खपल्या निघाल्या असतील, असा तिचा अंदाज होता. तिनं एक बाटली काढली. सळई काळी, गुळगुळीत होती. बोटाला तेल लागलं. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांना इंजिनचं तेल चोळलेलं, तेही ताजं.

ती तशीच उभी राहिली. कर चुकवायचा तर गंजलेली सळईसुद्धा चालते. तेल लावतात ते पुढं बांधायचं असतं म्हणून. तिचा भाऊ विल्बेर सीमेपलीकडं आरिकाला कामाला गेला तेव्हा दारातून म्हणाला होता, "लग्न झालं की वरचा मजला माझा." हे दुखणं घेऊन म्हातारा शिडी चढत होता.

खाली आल्यावर वडिलांनी विचारलं, "मापं झाली?"

"नाही," ती म्हणाली. "गवंड्याला नको म्हणून सांगते."



मुदतीच्या शेवटच्या दिवशी रांगेत मागं तिला ओळखीची हॅट दिसली. ठेवणीतला कोट, घट्ट लावलेली बटणं. तिनं हातानं पुढं बोलावलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. रांग होती. खोकत, भिंत धरत ते खिडकीपाशी पोचले.

"सातुर्निनोकाका, आज कुठली म्हण?" मागून कुणीतरी ओरडलं.

त्यांनी वळून पाहिलं नाही. "लिही," ते नेलिदाला म्हणाले. "एक मजला. बांधकाम पुरं."

"बाबा, घाई नाही. विल्बेरला एकदा—"

"त्यानं तिकडं फ्लॅट घेतला. नाताळात फोनवर सांगितलं. तुला सांगायचं राहिलं."

तिची बोटं कळफलकावर थांबली.

"लिही ना. मागं लोक खोळंबलेत."

तिनं लिहिलं. त्यांनी पैसे दिले, पावती घेतली, कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि मागच्या बाईला जागा करून दिली.

संध्याकाळी ती गल्लीत शिरली तेव्हा स्लॅबवरून लोखंड कापल्याचा आवाज येत होता. वडील वर एकटेच होते. चार-पाच वेळा करवत ओढायची, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा ओढायची. नेलिदा शिडीशी गेली, पण चढली नाही.

सळई तुटत आली तशी त्यांनी करवत सावकाश केली. तुटल्यावर ती खाली आदळू नये म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं तिला वरून धरून ठेवलं होतं.