सटवाईचं दार आणि आमची जिलबी

दिवाळीची सुट्टी नागपूरला नणंदेकडे काढून आम्ही पनवेलला परतलो, तर आमच्या घरामागे ही रांग. बायकांच्या डोक्यावर पदर, हातात नारळ, कडेवर पोरं. भिंतीपाशी चपलांचा ढीग. उदबत्त्यांचा धूर इतका की मला वाटलं, स्वयंपाकघर पेटलं.

रिक्षावाल्याने परस्पर गल्लीच्या मागच्या तोंडाशी रिक्षा उभी केली. "सटवाईच्या दाराला ना, मॅडम? इथेच उतरा. पुढे रांग आहे."

"आम्ही इथे राहतो," मी म्हटलं.

"अरे वा," तो म्हणाला, आणि रिक्षा बंद करून, चप्पल काढून, आमच्या आधी दर्शनाला पळाला.

"अहो, आपल्याकडे कोणी गेलं की काय?" मी नवऱ्याला विचारलं.

"राहतो आपण दोघंच," कमलाकर म्हणाले, "आणि दोघंही इथे आहोत."

आता हे दार कसलं, ते सांगते. गोष्ट १९९१ सालची. आमची जागा तळमजल्यावर, आणि पनवेलचे डास तुम्हाला ठाऊक आहेत. खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, तशी आमची जिलबी नावाची मांजर बाहेरच्या बाहेर राहिली. तिच्यासाठी मागचं दार किलकिलं ठेवलं, तर तिच्यामागून गल्लीतले सगळे बोके आत. त्यांचा म्होरक्या एक कानफाटा बोका. त्याला आम्ही सरपंच म्हणायचो, कारण तो कुणाच्याही घरी न विचारता जेवायला बसायचा. माझा भाऊ इंद्रजीत बोटीवर होता. त्याला म्हटलं, विलायतेत म्हणे मांजरांसाठी दारात दार मिळतं, ते आण.

तो तिथल्या दुकानात चांगला तासभर घोटाळला. आल्यावर मला सांगतो, "ताई, एक नुसतं झुलतं दार होतं. त्यातून जिलबी येईल आणि सरपंचही येईल. एकाला कडी होती, पण ती लावायला-काढायला तू रात्रभर जागी हवीस. म्हणून हे तिसरं घेतलं. ह्याच्या उंबऱ्यात एक खिट्टी आहे. मांजरीच्या गळ्यात चुंबक बांधायचा. ती जवळ आली की खिट्टी सरकते, दार उघडतं. दुसरं मांजर डोकं आपटून परत जातं."

तसंच झालं. जिलबीच्या गळ्यात मी निळ्या दोऱ्याने ती चुंबकाची निळी कुपी बांधली, आणि सरपंच आठवडाभर डोकं आपटून चिडचिडा झाला.

इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. पुढचं आमच्या ह्यांनी केलं. हे तळोज्याच्या कारखान्यात. तिथे दसऱ्याला प्रत्येक पंपाला आणि बॉयलरला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. घरीही स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन आणि मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून माझा मायक्रोस्कोप, सगळ्यांची पूजा झाली. एक माळ उरली. ती ह्यांनी मांजराच्या दाराला घातली आणि वर कुंकवाचं बोटही लावलं. "यंत्रच आहे तेही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमची मासेवाली गुणाबाई पाटी घेऊन मागच्या दारी आली. तिच्या घरी नुकताच नातू झालेला, पाचवी-सहावीची पूजा झालेली. सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते आणि तिचं वाहन मांजर, हे तिला जन्मापासून माहीत. तिने पाहिलं, एवढ्याशा दाराला माळ आहे, कुंकू आहे. जिलबी आली, दार उघडलं. मागून सरपंच आला, दार मिटलेलंच.

"बाई, ह्यो कंचा देव?" गुणाबाईने विचारलं.

"देव नाही हो. लोहचुंबक आहे." मी सगळं समजावून सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. "लोखंडाला कोन माळ घालतो?" म्हणाली. "तुमी सांगू नका, आमाला दिसतंय." आणि हात जोडून गेली. त्यानंतर आम्ही नागपूरला गेलो.

तर आता परसात माझ्या कपडे धुवायच्या दगडावर भगवी शाल अंथरून एक महाराज बसले होते. नाव मार्जारनाथ. हातात मोरपिसांचा कुंचा, पुढ्यात माझीच हिरवी बादली, तीर्थाने भरलेली.

"जिथे माणसाची अक्कल संपते, तिथे मांजरीची सुरू होते," महाराज गर्जत होते. "ह्या दाराला कुलूप नाही, किल्ली नाही. हे पापपुण्य ओळखतं. चौकटीवर पाहा, आंग्ल लिपीत बीजमंत्र आहे." तो मंत्र मी वाचला होता. मेड इन इंग्लंड.

भक्ताने गुडघ्यावर बसून नारळ दाराला टेकवायचा. महाराज पुटपुटत कुंचा उंबऱ्याला लावायचे. देवी पावली तर दार उघडून नारळ गडगडत आत. नाही पावली तर काय आणायचं ते महाराज कानात सांगायचे.

वरच्या मजल्यावरची कुमुद धावत आली. घराची किल्ली आम्ही तिच्याकडे ठेवली होती. "बरं झालं आलात, वहिनी. तुमच्या स्वयंपाकघरात नारळ मावेनात हो."

"जिलबी कुठे आहे?"

"ती घरात येतच नाही. महाराज म्हणाले, तिने गृहत्याग केला."

संन्यासिनी कंपाउंडच्या भिंतीवर बसली होती, हाडं वर आलेली. मला पाहून ती जोरात ओरडली. मी तिला उचलून घेतलं. गळा मोकळा. दोरा नाही, कुपी नाही. देवीचं वाहन बाहेर उपाशी आणि नारळ आत, हा कुठला न्याय?

तेवढ्यात रांगेत मला गुणाबाई दिसली. शेजारी खाली बसलेली तिची सून रिया, मांडीवर बाळ. ते रडत होतं, पण आवाज निघत नव्हता आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. टाळू खाली गेलेली. मी पोरीला विचारलं, "काय होतंय ह्याला?"

"जुलाब होतात, बाई. परवापासून. अंगावर पीत पन नाय आता." रियाच्या ओठांना कोरड पडली होती. "डॉक्टर म्हनले, लगेच भरती करा."

"मग इथे काय करतेस?"

उत्तर गुणाबाईने दिलं. "सकाळी दार नाय उघडलं हिच्या हातानं. महाराज म्हनतात, सटवाय रुसलीय, दवाखान्यात नेलं तर सुई लागायच्या आदी पोर जाईल. आदी सोन्याची वाटी दाराला लावायची, मंग न्यायचं. ह्या बघा, मंगळसूत्राच्या सोडवून आनल्यात."

"आणि हिचा नवरा, जीवन, कुठे आहे?"

"त्यो मोऱ्याच्या बंदरातनं होडी घेऊन मासेमारीला गेलाय. त्याचा पत्ता नाय."

म्हणजे निर्णय ह्या म्हातारीचा, आणि म्हातारीचा निर्णय माझ्या स्वयंपाकघराच्या दाराचा. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. पण वर्गात आरडाओरडा करून कुणी शिकत नाही, हे मला वीस वर्षांत कळलेलं. मी ह्यांना म्हटलं, "त्या रिक्षावाल्याला धरून ठेवा." आणि जिलबीला कुमुदकडे देऊन पुढे जाऊन नुसती बघत बसले.

एक बाई आली, ताटात जरीची साडी. महाराजांनी कुंच्याचा दांडा उंबऱ्याला टेकवला. नारळ आत. दुसरी आली, नुसती फुलं घेऊन. महाराजांनी कुंचा उलटा धरून पिसं टेकवली. दार ढिम्म. मग कापडाचा तागा आला, पुन्हा दांडा. एवढं मला पुरे होतं.

"महाराज," मी पदर डोक्यावर घेतला, "मी ह्या घराची मालकीण. मला तुमच्या कुंच्याला नमस्कार करायचाय."

"भाग्यवान आहेस, माते," महाराज म्हणाले. मालकीणच पाया पडतेय म्हटल्यावर त्यांनी फुशारकीने कुंचा पुढे केला.

आता आम्हा बायकांच्या बांगड्यांत सेफ्टी पिनांचा घोस असतो. कुणाचा पदर सुटतो, कुणाची नाडी. मी दोन्ही हात दांड्याला लावले आणि मागे घेतले, तर पिना दांड्याला चिकटलेल्या. मी हात ओढला, कुंचा सोबत आला.

"महाराज, माझ्या पिनाही पुण्यवान दिसतात."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. महाराज उठायच्या आत मी दांड्याचं टोक दगडावर आपटलं. बांबू फुटला आणि आतून निळी कुपी पडली. अर्धवट कापलेला निळा दोरा अजून तिला लटकत होता.

"ही माझ्या मांजरीच्या गळ्यात होती," मी सगळ्यांना दाखवली. "हिच्यामुळे दार उघडतं. देवीमुळे नाही, महाराजांमुळे नाही. रिया, ही घे हातात आणि ढकल दार."

रियाने कुपी उंबऱ्यापाशी नेली. दार उघडलं.

मला वाटलं, संपलं. कसलं काय. गुणाबाईने हंबरडाच फोडला. "पावली गो बाय, सटवाय पावली. उघडलं दार. आता कशाला दवाखाना? चल घरी."

मी कपाळावर हात मारून घेतला. अख्खं शास्त्र समोर मांडलं आणि म्हातारीने त्याचा प्रसाद करून टाकला. बाळाने तर आता रडायचंही सोडलं होतं. मी इकडे तिकडे पाहिलं. गुणाबाईच्या पाटीपाशी सरपंच तोंड चाटत बसला होता. ह्याच बोक्याने वर्षानुवर्षं तिचे पापलेट पळवलेले. तिने त्याला शिव्या द्यायच्या आणि त्याने ऐकून घ्यायच्या, असं दोघांचं चालायचं.

"अहो, सरपंचाला धरा," मी ओरडले.

कमलाकरांनी बोंबील दाखवून त्याला धरलं. दोन्ही मनगटं ओरबाडून घेतली, पण कुपी त्याच्या गळ्यात बांधली. कुमुदला मी आत पाठवून दारापाशी माशाचं डोकं ठेवायला लावलं. बोका सुटला तो थेट दाराकडे. सवयीने डोकं आपटलं आणि दार उघडून आत गडप. माशाचं डोकं चावल्याचा कडाकडा आवाज बाहेरपर्यंत आला.

गुणाबाई बघतच राहिली.

"गुणाबाई, ह्याला सटवाई पावली का?" मी विचारलं. "तुमचा पापलेट-चोर पुण्यवान, आणि तुमची सून, जी दोन दिवस पोराला उराशी धरून बसलीय, ती सकाळी पापी?"

तिने दाराकडे पाहिलं, मग रियाकडे. तिचा चेहरा पार उतरला. मुठीतल्या सोन्याच्या वाट्या तिने सुनेच्या हातात कोंबल्या.

"त्या बोक्याला उघडतं ते दार मना नको," ती म्हणाली. "चल गो, रिया. चल लवकर."

रिक्षा सुटली. मी त्यांच्यासोबत गेले, त्यामुळे महाराजांचं पुढचं ह्यांच्याकडून कळलं. लोकांनी घेरल्यावर त्यांनी शाल सोडली, गर्जना सोडली आणि कबूल केलं की ते कोन गावचे काशिराम, लग्नात लाउडस्पीकर लावणारे. स्पीकरमध्ये चुंबक असतो, म्हणून जिलबीच्या गळ्यातली कुपी पाहताच त्यांना सगळं उमगलं. स्पीकरचा चुंबक कुंच्यात मावेना, म्हणून मांजरीचा चोरला. ह्यांनी पोलिसांना फोन केला, आणि जमलेल्यांनी आपापले नारळ परत मागितले. जिलबी मात्र त्या गडबडीत स्वयंपाकघरात जाऊन झोपली.

दवाखान्यात बाळाला सलाईन लावायला शीर सापडेना; शेवटी डोक्यावर मिळाली. गुणाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती, माझा हात घट्ट धरून. रात्री उशिरा बाळाने सू केली, म्हणजे अंगात पाणी टिकलं, तेव्हा नर्स हसली. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "वाचेल. पण आजी, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मला काही करता आलं नसतं."

गुणाबाई उठून दारातून बाळाला पाहून आली. मग म्हणाली, "बाई, मी वाईट नाय. मना नातू जगवायचा होता."

ते मला माहीत होतं. तिथे रांगेत उभी असलेली एकही बाई वाईट नव्हती. प्रत्येकीला कुणालातरी जगवायचं होतं, आणि त्याचाच तर बाजार मांडला होता काशिरामने. म्हणून एवढंच सांगते. देवाला हात जोडायचे तर जोडा, मी अडवणार नाही. पण कुणी चमत्कार दाखवला की त्याच्या हातात काय आहे ते आधी बघा, आणि मूल आजारी असेल तर तेही बघत बसू नका. त्याला उचला आणि डॉक्टरकडे न्या.