अंगणातून दिसेल असा टीव्ही

मित्रांनो, मी सातपाटीच्या जयवंतीबाईंच्या घरातला जुना टीव्ही आहे. अंगाने जरा जाडजूड आहे, पण हसू नका हं! माझ्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. त्याच्या मागे ट्यूबलाइटसारख्या बारीक नळ्या आहेत. त्या पेटल्या, की चित्र दिसतं. हे मलाही ठाऊक नव्हतं. नळ्या मंदावल्या, तेव्हा कळलं.

माझं तोंड दाराकडे असायचं, कारण जयवंतीबाई दिवसभर अंगणात. तिथे आडवे बांबू बांधून केलेल्या वलांडीवर बोंबील वाळत असतात. जरा पाठ वळली, की कावळे आलेच! म्हणून त्या राखण करता करता बाहेरूनच मला बघायच्या. आता मात्र उन्हात त्यांना माझ्यात काहीच दिसेना.

अशातच त्यांच्या लेकीची, दिशाची, कबड्डीच्या राज्य स्पर्धेसाठी निवड झाली. सामना दुपारी टीव्हीवर दाखवणार होते. जयवंतीबाईंनी तिला मैदानात कधी पाहिलंच नव्हतं, वाळवण सोडून जाणार कशा?

"या खेपेला मी तिला बगनार म्हंजे बगनारच," त्या मुलाला, धीरजला म्हणाल्या.

धीरजने मला टेम्पोत घालून बोईसरच्या दुकानात नेलं. जुना देऊन नवा घ्यायचा होता. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण तिथली भावंडं बघून मी हरखलो. दुकानातले रामनाथभाऊ एकेकाची ओळख करून देत होते. एकाचे दिवे फक्त कडेला, म्हणून तो पापडासारखा पातळ. एकाच्या पाठीमागे सगळीकडे दिवे, हवे तिथे मंद होणारे, हवे तिथे प्रखर. आणि एकाला मागे दिवाच नाही! त्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. अबब! मी तर बघतच राहिलो.

तो होता पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीत. धीरज भाळला. "हाच द्या!"

माझा जीव खालीवर झाला. अरे वेड्या, आई कुठे बसते? पण बंद टीव्हीचं ऐकतो कोण!

इतक्यात धीरजने हौसेने आईला व्हिडिओ कॉल लावला. "आई, बग कसला भारी हाय!"

"भारी हाय रे, पन अंगनातून दिसंल का मला? बोंबील टाकून मी आत येनार नाय."

रामनाथभाऊंनी कपाळावर हात मारला. "दादा, हे आधी सांगायचं ना! चला, दारात लावून बघू."

दारातल्या उन्हात त्या देखण्या टीव्हीत धीरजलाच स्वतःचं तोंड दिसायला लागलं. पाठभर दिव्यांचा मात्र तिथेही लख्ख दिसला. तोच ठरला. मला घ्यायला दुकानदार तयार होईना, म्हणून मीही परत घरी आलो. कोपऱ्यात का होईना, घर ते घर.

सामन्याच्या दिवशी ऊन रणरणत होतं. जयवंतीबाई अंगणात, नवा टीव्ही आत. दिशा चढाईला गेली आणि समोरच्या मुलींनी तिला धरून पाडलं. जयवंतीबाई ताडकन उठल्या.

"सोडा गं तिला! माजी पोर हाय ती!"

दिशाने हात लांबवून रेघ गाठली. जयवंतीबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

मित्रांनो, नवा टीव्ही आणायला जाल, तेव्हा त्याचे दिवे कुठे आहेत ते जरूर विचारा. पण त्याआधी घरात एकदा विचारा, तो कोण बघणार आहे आणि कुठे बसून. ज्याला काम सोडून आत येता येत नाही, असं माणूस तुमच्याही घरात असेल. त्याला दिसला पाहिजे.