शिट्टीवाचून अडलेला घेवडा

आमच्या सामाईक बागेत अक्कल सगळ्यांना आहे, पण ती फाटकाबाहेर सायकलीबरोबर लावून आत यायची पद्धत आहे. नाहीतर मला सांगा, पक्षी डोक्यावर बसून बोंबलतोय, माती हाताला ऊबदार लागतेय, आणि एवढी शहाणीसुरती माणसं घेवड्याचं बी मुठीत धरून फळ्याकडे बघत उभी!

फळा फाटकाशी टांगलाय आणि खडू माझ्या सासऱ्यांकडे असतो. ते घड्याळजी. दुकान बंद केल्यापासून रोज सकाळी बागेतली हवा फळ्यावर लिहितात: 'वारा फिरला. दव कमी. मुंग्या बाहेर.' अवजारांच्या खोलीच्या छपरात एक राखी पक्षी घरटं करतो. थंडी सरली की तो बारीक शिट्टी मारतो. सासऱ्यांनी 'शिट्टी ऐकली' असं लिहिलं की मगच घेवड्याचं बी मातीत टोकायचं. एका वर्षी लोकांनी घाई केली आणि हिवानं सगळे कोंब काळे पडले. तेव्हापासून फळा म्हणेल ती पूर्व दिशा.

यंदा पक्षी कधीचा शिट्ट्या मारतोय. फळ्यावर मात्र रोज: 'शिट्टी नाही. धीर धरा.'

"तू सांग ना गं सासऱ्यांना," शेजारच्या वाफ्यातल्या नर्सबाई म्हणाल्या.

"तुम्हीच सांगा. तुम्हाला टोचायची सवय आहे."

"छे बाई! फळा म्हणजे जीव की प्राण त्यांचा. वाईट वाटेल."

म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती सुनेनं!

पलीकडच्या वाफ्यातल्या प्लंबरनं तोडगा काढला. खोलीमागे लपून त्यानं पाइपच्या तुकड्यात जोरात फुंकर मारली. भों! सासऱ्यांनी चटकन मान वर केली. "गाय शिरली की काय आत?" म्हणाले आणि सगळे वाफे धुंडाळून आले. फळ्यावर लिहिलं, 'गाय सापडली नाही.'

शेवटी माझं डोकं फिरलं. मी त्यांना हाताला धरून छपराखाली उभं केलं. "बाबा, वर बघा. चोच उघडतोय की नाही?"

"उघडतोय."

"मग?"

त्यांनी एक डोळा बारीक करून पक्ष्याला निरखलं, फळ्याशी गेले आणि लिहिलं: 'पक्षी आला आहे. यंदाचा मुका आहे.'

लोकांनी ते वाचलं आणि एकही माणूस हसला नाही. प्लंबर तर "बिचारा!" म्हणाला. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांचे कान गेले असतील हे माझ्या मनातही आलं नव्हतं. माझा शब्द न शब्द त्यांना कळतो. माझा आवाज म्हणजे फुटका नगारा, असं आमचे हे म्हणतात. म्हणोत बापडे.

सासूबाई पलीकडे खुरपत होत्या. त्यांना मुक्या पक्ष्याची गंमत सांगितली, तर त्या उसळल्याच. "मलाही मुकीच समजतात ते! चार हाका मारल्या तरी ढिम्म. तू एकदा 'बाबा' म्हण, लगेच 'काय गं?' म्हातारपणी शिंगं फुटलीत! मीही थंडीभर बोलणं टाकलंय."

हे सगळं त्यांच्या त्या किनऱ्या आवाजात. तेवढ्यात छपरावरून अगदी तशीच शिट्टी आली, आणि माझी ट्यूब पेटली.

"अहो आई, बाबांना बारीक आवाज ऐकूच येत नाहीयेत! तो पक्षी काय नि तुम्ही काय, एकाच जातीचे!"

खुरपं तिथंच टाकून सासूबाई फळ्यापाशी गेल्या आणि त्यांनी सासऱ्यांची बाही धरली. "अहो, मी बोलतेय, कळतंय का?"

सासरे त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "हिला सांग, घड्याळाची टिकटिक कधीच बंद झालीय. काटे मात्र फिरतात. मी घड्याळजी आहे. दोष घड्याळात नाही, एवढं मला कळतं."

"मग बोलला का नाहीत?" मी गरजेपेक्षा जास्तच ओरडले.

"फळा गेला असता. शिट्टी ऐकायला बहिरा कोण ठेवतं?"

"म्हणून 'मुका' लिहायचं?"

"काहीतरी लिहायला हवं होतं."

"आणि घरी आईंनी थंडीभर अबोला धरलाय, त्याचं काय?"

सासरे चकित झाले. "अबोला? मला वाटलं, ही बोलतेय आणि मलाच ऐकू येत नाहीये. मी रोज माना डोलवत होतो की!"

सासूबाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. मलाही भरून आलं. मी वाळलेली पानं उचलायला खाली वाकले.

दुसऱ्या दिवशी दोघं हात धरून छपराखाली उभी होती. पक्ष्यानं शिट्टी मारली, सासूबाईंनी हात दाबला. सासऱ्यांनी 'मुका' खोडून लिहिलं: 'शिट्टी ऐकली. कान हिचे, खडू माझा. घेवडा टोका.' सगळी बाग वाफ्यांकडे पळाली.

सासूबाईंनी फळा वाचला आणि काहीतरी पुटपुटल्या. सासऱ्यांनी पाठमोऱ्यानंच मान डोलवली.

"बाबा, ऐकू आलं?" मी ओरडले.

"नाही," ते म्हणाले. "पण अक्षर वाकडं आलंय, असंच म्हणाली असेल."

तेच म्हणाल्या होत्या.