सगळ्या क्रेटांना बर्फ

नम्रताने चार फावडी बर्फ पहिल्या क्रेटातल्या बांगड्यांवर ओतला आणि तोंडाने "तीन, कंसात एक्स अधिक चार" असं पुटपुटत तिन्ही क्रेट टेम्पोत ढकलले.

उलट्या टबावर वही घेऊन बसलेल्या तिच्या मैत्रिणीने, अक्षयाने विचारलं, "मग? सोडव कंस."

"तीन एक्स अधिक चार."

"परत तेच! अगं, चारला का वगळलंस?"

"बाहेरचा तीन एक्सला चिकटला ना? झालं की मग!"

अक्षयाने कपाळावर हात मारला. चार दिवस हेच चाललेलं. गेल्या वर्षी नम्रताची दहावी गणितातच अडकली, सहा मार्कांनी, आणि आता परवा पुन्हा तोच पेपर. बाबांनी तिच्या मापाचे नवे गमबूट आणून दाराशी ठेवले होते: यंदाही अडकली तर शाळा संपली, रोज बंदरावर कामाला.

"थांब गो!" मिरकरवाडा बंदराच्या त्या कलकलाटातही काशीचा, नम्रताच्या आईचा, आवाज बरोबर पोचला. तरातरा येऊन तिने टेम्पोतला क्रेट खाली ओढला. "एकालाच बर्फ? बाकीच्या दोघांनी काय घोडं मारलंनी तुझं? खेडला पोचेपर्यंत वास सुटेल! मासळी तीन क्रेट, तर चार-चार फावडी बर्फ पण तिघांना."

नम्रता फावडं धरून तशीच उभी. क्रेटांकडे बघतेय, वहीकडे बघतेय.

"बारा," ती हळूच म्हणाली. मग ओरडलीच, "अक्षया, बारा! तीन एक्स अधिक बारा!"

अक्षयाने लगेच दुसरं गणित घातलं, मग तिसरं, मग वजाचिन्हवाली. एकही चुकेना! नम्रता इतकी हसत सुटली की डोळ्यांतून पाणी.

"वेड लागलं की काय हिला," काशी म्हणाली आणि उरलेल्या क्रेटांना बर्फ घालायला लागली.

तिसऱ्या दिवशी पेपर सुटला तर काशी शाळेच्या फाटकाशी हजर, थेट बंदरावरून, साडीला खवले तसेच.

"कंसातल्या सगळ्यांना घातलास बर्फ?"

"सगळ्यांना, आई."

घरी आल्यावर काशी दाराशीच थांबली, ते गमबूट उचलले आणि भिंतीला हात टेकून स्वतःच्या पायात घातले.

"पुढे जरा चावतात," ती म्हणाली, "पण मला चालतील."