गार राहिलेलं चाक

डोळे मिटा बरं जरा. नको, अगदी मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? अर्धवट मिटा आणि मनात आणा, की तुम्ही मोकळ्या मैदानात सुसाट धावताय. डाव्या हाताला एक मैत्रीण, उजव्या हाताला दुसरी, दोघींनी तुमचे हात घट्ट धरलेत. कुणीतरी ओरडतं, "थांबा!" डावीकडची लगेच पाय रोवते. उजवीकडचीचं मात्र लक्षच नाही, ती आपली धावतेच आहे. मग तुमचं काय होईल? गर्रकन डावीकडे वळाल, हो ना?

एवढं ध्यानात असू द्या, आणि चला भिंगरीच्या अंगणात.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. एका जागी टिकत नसे, म्हणून आत्याने ठेवलेलं. तेव्हा घराघरांत शिलाईची मशीनं असायची. दुपारी कुठल्याही गल्लीतून चाला, एखाद्या खिडकीतून ती खडखड कानावर यायचीच. मशीन अडलं, की लोक भिंगरीच्या आजोबांची वाट बघायचे. आजोबांची फिकट निळी व्हॅन होती. तिचं मागचं दार उघडलं, की मशीनच्या तेलाचा हलका, गोडसर वास यायचा. आता तो वास कुठे येत नाही. पण ज्यांनी तो लहानपणी घेतलाय, ते झोपेतही ओळखतील.

आजोबांची नजर अधू झाल्यापासून व्हॅन आत्या चालवायची. आजोबा शेजारी बसून फेरीवर जायचे. दुरुस्ती ते बोटांनीच करायचे, डोळ्यांवाचून त्यांचं अडत नसे.

एका सकाळी भिंगरी शेजारी बसलेली असताना आत्याने फाटकापाशी ब्रेक दाबला आणि व्हॅन अशी डावीकडे ओढली गेली, की खांबाला घासता घासता वाचली. आत्या खाली उतरली ती लालबुंद होऊन.

"काल रस्त्यावर हेच! एक सायकलवाला थोडक्यात वाचला. बाबा, संध्याकाळपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर मी हिला भंगारात देणार. फेऱ्या बंद."

"आणि मशीनं?"

"लोक आणतील घरी."

"एवढं धूड उचलून? अगं, टाकून देतील, पण आणणार नाहीत."

"मग तुम्ही आराम करा."

आराम हा शब्द आजोबांना कडू औषधासारखा लागायचा. भिंगरीने त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला.

"आत्या, डावीकडे ओढते ना? मग डावं चाक बघू या!"

"ते मी कालच उघडून पाहिलं, शहाणे. सगळं ठीकठाक आहे."

"हवा बघितलीस?" आजोबांनी विचारलं.

आत्याने मोजली. दोन्ही पुढच्या चाकांत सारखीच होती.

"आता रस्त्याचा संशय काढून टाकू," आजोबा म्हणाले. "पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, तोही गाडीला ओढतो. चला मैदानात."

मैदान सपाट होतं. आत्याने व्हॅन पुन्हा पुन्हा पळवली आणि थांबवली. दर वेळी डावीकडेच! शेवटी आजोबा म्हणाले, "पुरे. भिंगरे, ब्रेक कशाने लागतो?"

"पायाने."

"ते झालं आत्याचं. चाकाच्या आत काय होतं?"

भिंगरीने डोकं खाजवलं. आजोबांनी दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. "घास एकमेकांवर. जोरात."

तिने हात चोळले. "गरम झाले!"

"चाकातही तसंच. लायनर म्हणजे आतल्या पट्ट्या, त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल डब्यावर, ड्रमवर घासतात, म्हणून गाडी थांबते, म्हणून चाक तापतं. आता जा, चाकाजवळ तळवा ने. शिवायचं नाही हं, भाजेल. लांबूनच."

भिंगरी डाव्या चाकापाशी गेली. तव्याजवळ हात न्यावा तशी धग लागली. मग उजव्या चाकापाशी. तळवा जवळ नेला, आणखी जवळ नेला.

"आजोबा, हे तर गार आहे!"

"मग दोष कुणाचा?"

"उजव्याचा! डावं बिचारं काम करतंय. उजवं नुसतं फिरतंय!"

आत्याने कपाळावर हात मारला. "आणि मी काल त्या बिचाऱ्यालाच उलटंपालटं केलं."

घरी येऊन तिने जॅक लावला, उजवं चाक काढलं, ड्रम ओढला. आतले लायनर ओलेचिंब चमकत होते. ब्रेकचं तेल गळतंय का, हे बघायला तिने त्या तेलाच्या नळकांड्यावरची रबरी टोपी उचकटून पाहिली. आत कोरडं ठणठणीत. मग तिने बोट नाकाशी नेलं आणि हळूच मागे वळून पाहिलं.

"बाबा. हे शिलाई मशीनचं तेल आहे."

आजोबा पायरीवर बसले. "ते चाक चीं चीं करत होतं ना… चाकाच्या मागच्या बाजूला एक भोक लागलं हाताला. तेलाच्या कुपीची चोच त्यात बरोबर बसली. मला वाटलं, कुरकुरतंय म्हणजे तहानलंय."

आत्या रागावणार, असं भिंगरीला वाटलं. पण आत्याला हसू आलं.

"अगं, ह्यांनी सगळं घर तेल पाजून वाढवलंय! दाराच्या बिजागऱ्या, माझी तीनचाकी. शाळेचे नवे बूट वाजत होते, तर त्यांनाही पाजलं. मी दिवसभर वर्गात घसरत होते!"

हसता हसता ती थांबली. तेलाचं बोट तिने पुन्हा एकदा नाकाशी नेलं आणि जरा वेळ तसंच ठेवलं.

आजोबा मात्र हसले नाहीत. "गाडीत तुम्ही दोघी होतात," ते म्हणाले. "तुझंच बरोबर आहे. मी घरी थांबतो."

आत्याने ड्रम पुसून लख्ख केला आणि दुकानातून नवे लायनर आणले. ते दोन्ही बाजूंना बसवले, कारण एकच बाजू बदलली तर ओढाताण पुन्हा सुरू. मैदानात व्हॅन दोरी धरल्यासारखी सरळ थांबली.

"हिला भंगारात नाही घालत," परत आल्यावर आत्या म्हणाली. "दोन मशीनं पोचवायची राहिलीत. भिंगरे, बस पुढे."

आजोबा पायरीवरच होते, हात पुसत. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होते. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं.

व्हॅनला पुढे दोनच जागा होत्या. भिंगरीने पुढचं दार उघडलं, ते तसंच सताड उघडं ठेवलं, धावत मागे गेली आणि दोन मशीनांच्या मधे अंग चोरून बसली.

"आजोबा," ती आतून ओरडली, "लवकर या! मला इथे मशीनचं चाक टोचतंय!"