कुठली टेम्प?

खांबेटे सरांनी आम्हा सातही जणींचं नाव टेम्प ठेवलं, त्या सकाळी मी आतून पोकळ झाले. सर कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, आम्ही तासिकेवर शिकवणाऱ्या. प्रोग्रॅममधल्या तात्पुरत्या गोष्टीला आळशी माणूस देतो, ते हे नाव.

मी मुलांना शिकवायचे, नाव असं द्या की वाचणाऱ्याला विचारावं लागू नये. सर मागून म्हणायचे, "कॉम्प्युटरला काय फरक पडतो?" मला पडला. आधार कार्डावरचं माझं नाव गेलं. ते मला माहीत होतं, पण जिभेवर येईना. आई फोनवर तीनदा अडखळली आणि म्हणाली, "अगं टेम्प, जेवलीस का?" तेव्हाच मी डूख धरला.

दोन पेल्यांतल्या चहा-दुधाची अदलाबदल करायला तिसरा रिकामा पेला लागतो. सरांनी आम्हाला त्या कामाला लावलं. दोन कारकुनांनी जागा बदलल्या तेव्हा एकाला आधी माझ्यात ओतलं, मग माझ्यातून काढून दुसऱ्याच्या जागी ठेवलं. त्यानं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

गुरुवारी सरांना प्राचार्यांची खुर्ची हवी झाली. ते बुटांसकट माझ्यात उतरले. प्राचार्य निमूट येऊन सरांच्या खुर्चीत बसले. आता मी वरच्या मजल्यावर जाऊन सरांना मोठ्या खुर्चीत सोडायचं होतं. मी डबा उघडून जेवायला बसले.

"टेम्प, चल वर!" सर आतून ओरडले.

सातही जणींनी ओ दिली.

"मी जिच्यात आहे ती टेम्प!"

"कुठली, सर?" मी म्हटलं. "वाचून कळत नाही."

खरं सांगते, फार बरं वाटलं. मी आणखी एक पोळी घेतली.

"अहो बाई," सर पहिल्यांदाच अहो म्हणाले, "तुमचं खरं नाव काय होतं?"

"आठवा. बरोबर आलं की माझं नाव मला मिळेल, तुम्ही सुटाल."

त्यांनी 'अ'पासून सुरुवात केली. अनघा, अलका, अवंती. प्रत्येक चुकीच्या नावाला ते आत थोडे पातळ व्हायचे. सोमवारी 'स'पर्यंत आले तेव्हा चालताना माझ्या पोटात डुचमळत होते. बुधवारी 'क्ष' आला. क्षमा, क्षितिजा, क्षिप्रा.

मला उचकी लागली, कुणी आठवण काढली की लागते तशी.

"ज्ञ..." आतून आवाज आला.

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि आतला आवाज विरघळेपर्यंत खाली ठेवला नाही.