गुरुवारचा खुळखुळा

मी एक जुना खुळखुळा आहे. भोपळ्याचा, चिरलेला, पोटात नऊ बिया उरलेला. मित्रांनो, जन्मापासून ओळीने सगळं सांगायची पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे. पण बिया ओळीने गळत नाहीत. जी हाताशी येईल, ती सांगतो.

एक बी.

झिम्बाब्वेत, हरारे शहराच्या एम्बारे वस्तीत आमचं पत्र्याचं चर्च आहे. दर गुरुवारी दुपारी तिथे बायकांची प्रार्थना असते. लाल पोलकी, पांढऱ्या टोप्या. त्यांतल्या सात जणींना एचआयव्ही आहे. रोजची गोळी चुकवून चालत नाही आणि दवाखान्याची रांग अर्धा दिवस खाते. म्हणून त्यांनी पाळ्या लावल्या आहेत. एकीने साती जणींच्या बाटल्या आणायच्या आणि गुरुवारी वाटायच्या. पण बाटल्या वाजतात, आणि तो आवाज वस्तीत सगळे ओळखतात. म्हणून वाटप चालू असताना त्यांतल्याच एक, माझ्या मालकीणबाई माई गुंबो, मला जोरात वाजवत. मी वाजायचो तोवर बाटल्या वाजत नसत. म्हणजे वाजत, ऐकू येत नसत.

दुसरी बी. ही फार जुनी.

माई गुंबोंच्या आजीने मला वेलावरच हेरलं. वाळवलं, पोखरलं, कर्दळीच्या चाळीस बिया भरल्या. आम्ही जुळे होतो. भाऊ एका लग्नात फुटला. लोक म्हणायचे, "काय ठेका आहे!" मग चर्चमध्ये कीबोर्ड आला आणि मी तीन वर्षं कपाटावर झाडूशेजारी पडून राहिलो. तिथून मला उतरवलं ते गाण्यासाठी नव्हे. लपवण्यासाठी.

आता ती बी, जी सांगताना अजून चीर दुखते.

त्या गुरुवारी पाळी लव्हनेसची होती. ती सर्वांत लहान, पाठीवर चार महिन्यांचं बाळ बांधलेली. नवरा दूर जोहान्सबर्गला कामाला. घरी सासू, माई माकोनी. सासूबाई याच चर्चच्या, पुढच्या बाकावरच्या, जिभेने तिखट. महिन्याआड एखादा गुरुवार चुकवायच्या आणि "बहिणीकडे गेले होते" म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी भाडेकरणीच्या खोलीत त्यांना अशी एक बाटली सापडली होती. त्यांनी तिचं अंथरूण रस्त्यावर फेकलं. लव्हनेसने ते दारातून पाहिलं होतं.

पिशवीच्या तळाशी सात बाटल्या, वर पालेभाजी. गाणं सुरू झालं. आणि माई माकोनी पुढचा बाक सोडून मागे आल्या.

"सूनबाई, दे ती पिशवी. पाठीवर पोर, हातात ओझं. लोक म्हणतील, सासू राबवते."

"असू द्या आई, हलकी आहे."

"हलकी आहे तर दे की! हाताला चिकटलीय का?"

माई गुंबो मध्ये पडल्या. "माई माकोनी, गा ना हो. तुमचा आवाज कधी ऐकलाच नाही."

"माझा आवाज? घरी या. ही रोज ऐकते."

बायका हसल्या. लव्हनेस हसली नाही. सासूने पिशवीचा बंद धरला. माई गुंबोंनी मला उचललं. जोरात. आणखी जोरात. गाण्याच्या पुढे. ठेका सुटला, मी बाकावर आदळलो, पोटात काहीतरी

तडकलं.

बिया बाकांखाली पळाल्या. गाणं थांबलं. त्या शांततेत पिशवी हलली.

खुळ्.

माई माकोनींनी भाजीखाली हात घातला. एक बाटली काढली, कानाशी नेऊन हलवली. लव्हनेस गुडघ्यांवर बसली आणि आमच्याकडे वडीलधाऱ्यांपुढे विनवताना वाजवतात तसे तिने हळू तळवे वाजवले.

"आई, मला घालवा. बाळ तुमच्या घराण्याचं आहे, माहीत आहे मला. पण ते अजून अंगावर पितं. त्याला ठेवून घेऊ नका."

सासूने बाटलीचं झाकण फिरवून आत पाहिलं.

"कापूस कुठाय?" माई माकोनींनी विचारलं.

"काय?"

"कापूस गं, कापूस! बाटलीत बोळा कोंबायचा असतो. सात-सात बाटल्या घेऊन भर वस्तीतून खुळखुळत आलीस? अक्कल गहाण टाकलीस का?"

त्यांनी स्वतःच्या पर्समधून एक बाटली काढली आणि हलवली. आवाज आला नाही.

"अकरा वर्षं. शहराच्या पार त्या टोकाला जाते. बहीण-बिहीण तिकडे कुणी राहत नाही."

माई गुंबो मला छातीशी धरून उभ्या होत्या. "आणि ती भाडेकरीण?"

माई माकोनींनी आपली बाटली पर्समध्ये परत ठेवली. "तिची सापडली, तेव्हा वाटलं, आता माझीही शोधतील."

कुणी त्यांची समजूत काढली नाही. मग त्या रांगत बिया वेचू लागल्या. दुसऱ्या टोकाने लव्हनेस. नऊच सापडल्या.

माझी चीर मेणाने बुजवली आहे. आता वाटप आधी होतं आणि गाणं नंतर. आठ बाटल्या, कापसाशिवाय. माई माकोनी त्या भाडेकरणीला शोधत फिरतात. ती अजून सापडलेली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली निगा राखा म्हणून सांगतात. माझी नाही राखलीत तरी चालेल. शेजारणीच्या पिशवीतून आवाज आला, तर वळून बघू नका, एवढंच. गाण्याला नऊ बिया पुरतात. लपवायला चाळीस लागत होत्या.